समुद्राखालच्या केबल आणि देशादेशांचे संबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाल समुद्रात नाहीतर बाल्टिकमध्ये केबल तुटल्याची बातमी आली की त्याच शंका पुन्हा विचारल्या जातात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्या शब्दांत ठेवले आहेत आणि सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समुद्राखालून इंटरनेट येतं म्हणजे नेमकं काय येतं?

प्रकाश येतो. केबलच्या गाभ्यात केसाइतके बारीक काचेचे तंतू असतात आणि त्यांतून लेसरचे स्पंद धावतात. खोल समुद्रात अख्खी केबल जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची असते. प्रकाश वाटेत क्षीण होतो, म्हणून साधारण दर ६० ते १०० किलोमीटरवर त्याला पुन्हा जोर देणारे रिपीटर बसवलेले असतात. त्यांना लागणारी वीज किनाऱ्यावरून केबलमधूनच पुरवली जाते. किनारा जवळ आला की केबलवर पोलादी तारांचं कवच चढवतात आणि ती तळात पुरतात, कारण नांगर आणि जाळी यांचा धोका उथळ पाण्यातच जास्त. ती जमिनीवर जिथे येते त्या इमारतीला लँडिंग स्टेशन म्हणतात.

२. इतके उपग्रह असताना तारा कशाला?

कारण उपग्रहांना हा भार पेलत नाही. खंडाखंडांमधल्या डेटापैकी ९५ टक्क्यांहून जास्त डेटा आजही केबलमधूनच जातो. नव्या केबलची क्षमता सेकंदाला शेकडो टेराबिटमध्ये मोजतात. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे संदेशाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. शेअर बाजाराच्या व्यवहारात तेवढा उशीर परवडत नाही. पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या स्टारलिंकसारख्या उपग्रहांनी हा उशीर खूप कमी केला आहे आणि दुर्गम भागात, आपत्तीत, युद्धात त्यांचा उपयोग मोठा आहे. पण एखाद्या देशाच्या बँका, रुग्णालयं, कॉल सेंटर आणि सरकारी यंत्रणा यांचा सगळा भार त्यांच्यावर टाकता येत नाही.

३. केबल कंपन्या टाकतात, कंपन्याच वापरतात. यात परराष्ट्र धोरण कुठून आलं?

केबलच्या आयुष्यातला प्रत्येक टप्पा कुठल्या ना कुठल्या सरकारच्या हातात असतो. किनाऱ्यावर आणायची तर त्या देशाची परवानगी लागते. टाकायचं कंत्राट कुणाला द्यायचं यावर महासत्ता दबाव आणतात (प्रश्न १३). ती ज्या भूमीवरून जाते तिथली गुप्तचर यंत्रणा तिच्यावर कान ठेवू शकते (प्रश्न ७). तुटली तर दुरुस्तीच्या जहाजाला त्या समुद्रात शिरू द्यायचं की नाही, हे पुन्हा एखादं सरकारच ठरवतं (प्रश्न ९). यातला एकही टप्पा आपल्या हातात नसेल तर तो देश डेटा कितीही वापरो, दुसऱ्याच्या मर्जीवर असतो. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

४. हे राजकारण इंटरनेटबरोबर सुरू झालं ना?

नाही, ते दीडशे वर्षांहून जुनं आहे आणि त्यात मुंबई पहिल्यापासून आहे.

१६ ऑगस्ट १८५८ रोजी अटलांटिकखालून व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांना गेला. ९८ शब्द पोचायला सुमारे १६ तास लागले आणि काही आठवड्यांत ती केबल बंदच पडली. टिकाऊ केबल पडायला १८६६ उजाडलं.

मधल्या काळात ब्रिटिशांना सगळ्यात जास्त घाई होती ती हिंदुस्थानची. १८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला कित्येक आठवडे लागले होते. त्या धक्क्यानंतर लाल समुद्रातून घाईघाईने टाकलेली केबल १८६० च्या सुमारास निकामी झाली. सरकारने कंपनीला हमी दिलेली असल्यामुळे चालत नसलेल्या केबलचे पैसे मात्र पुढे वर्षानुवर्षं भरावे लागले. मग पर्शियन आखातातून आणि तुर्की साम्राज्यातून जाणारी वाट निघाली. तिच्यात अडचण अशी की संदेश परक्या सरकारच्या तारघरांतून, परक्या कारकुनांच्या हातून जात. चुकत, अडकत, वाचलेही जात. म्हणून १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं पोर्थकर्नो हे किनारी गाव समुद्रमार्गे मुंबईशी जोडलं गेलं. लंडनचा हुकूम मुंबईला येण्याचा काळ आठवड्यांवरून तासांवर आला. मुंबईच्या गव्हर्नरांना परिस्थिती पाहून स्वतः निर्णय घ्यायची जी मोकळीक होती, ती त्याबरोबरच आक्रसली.

१९०२ मध्ये प्रशांत महासागरातली केबल पुरी झाली आणि ब्रिटनचा संदेश फक्त ब्रिटिश भूमीवर टेकत पृथ्वीप्रदक्षिणा करू शकेल अशी व्यवस्था उभी राहिली. त्यासाठी फॅनिंग आणि नॉरफोकसारखी बेटं महत्त्वाची ठरली, ज्यांना एरवी कुणी विचारलं नसतं. परक्या देशाला वाटेत घ्यायचं नाही हा हट्ट आजही तसाच आहे, फक्त हट्ट करणारे देश बदलले आहेत.

आंतरराष्ट्रीय नियमांची सुरुवातही याच काळातली. १७ मे १८६५ रोजी पॅरिसला आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन झाला. तोच आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. संयुक्त राष्ट्रांच्या परिवारातली ही सर्वांत जुनी संस्था, म्हणजे खुद्द संयुक्त राष्ट्रांपेक्षा ८० वर्षांनी थोरली.

५. युद्धात कुणी खरंच केबल तोडली आहे का?

तोडली आहे, आणि त्याने युद्धाची दिशा बदलायला हातभार लावला.

ब्रिटनने ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. ५ ऑगस्टच्या पहाटे ‘अलर्ट’ नावाचं ब्रिटिश जहाज इंग्लिश खाडीत जर्मनीच्या केबल गळाने वर ओढून तोडत होतं. त्या दिवसापासून जर्मनीला जगाशी बोलायला रेडिओ, म्हणजे कुणीही ऐकू शकेल असा मार्ग, नाहीतर दुसऱ्यांच्या तारा एवढेच पर्याय उरले.

याचं फळ १९१७ च्या जानेवारीत दिसलं. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री आर्थर झिमरमन यांनी मेक्सिकोतल्या आपल्या राजदूताला सांकेतिक तार पाठवली. अमेरिका युद्धात उतरली तर मेक्सिकोने जर्मनीशी युती करावी, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला जर्मनी मदत करेल, असा तो प्रस्ताव होता. ही तार गेली अमेरिकेच्याच राजनैतिक मार्गाने. शांततेच्या वाटाघाटींसाठी म्हणून अमेरिकेने जर्मनीला ती सवलत दिली होती. पण तो मार्ग ब्रिटनमधून जात होता. ब्रिटिश नौदलाच्या ‘रूम ४०’ या सांकेतिक लिपी फोडणाऱ्या कक्षाने ती वाचली.

आता ब्रिटनपुढे पेच उभा राहिला. तार दाखवायची तर आपण मित्र अमेरिकेच्याही तारा वाचतो हे उघड होणार. त्यांनी मेक्सिको सिटीच्या तारघरातून त्याच संदेशाची पुढे पाठवलेली प्रत मिळवली आणि ती दाखवली. १ मार्चला मजकूर अमेरिकी वृत्तपत्रांत आला, ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. जर्मन पाणबुड्यांनी चालवलेले हल्ले हे त्यामागचं मोठं कारण होतंच, पण अमेरिकी जनमत पेटायला या तारेचा वाटा मोठा होता. मित्राची तार चोरून वाचायची आणि ते त्याला कळू द्यायचं नाही, ही रीत तेव्हापासूनची आहे.

६. अमेरिका आणि रशियाच्या अध्यक्षांमध्ये लाल टेलिफोन आहे म्हणतात, तोही केबलवरच चालायचा का?

लाल टेलिफोन कधीच नव्हता. ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा एक लांबलचक संदेश मिळून, उलगडून, भाषांतरित व्हायला सुमारे १२ तास गेले. अणुयुद्ध तोंडावर असताना हा उशीर जिवावर बेतू शकत होता, म्हणून जून १९६३ मध्ये जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला हॉटलाइन सुरू झाली. दोन्ही टोकांना टेलिप्रिंटर होते. मार्ग वॉशिंग्टन, लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, मॉस्को असा होता आणि त्यात अटलांटिकखालची पहिली टेलिफोन केबल वापरली होती. आवाजाऐवजी लेखी मजकूर मुद्दाम निवडला होता. बोलताना सूर चुकतो, घाईचं भाषांतर चुकतं. लेखी मजकूर वाचून विचार करायला वेळ मिळतो. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात तिचा खरा वापर झाला.

भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्येही हॉटलाइन आहे. १० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या महासंचालकांचा फोन आला आणि त्याच दिवशी संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं, हे परराष्ट्र सचिवांनी जाहीरपणे सांगितलं आहे. दोन देशांतले बाकी सगळे मार्ग बंद असताना एक तार चालू ठेवणं किती मोलाचं असतं, याचा याहून ताजा पुरावा नको.

७. केबलमधला मजकूर कुणी चोरून ऐकू शकतं का?

शक्य आहे, पण कुठे हे महत्त्वाचं. १९७० च्या दशकात अमेरिकी पाणबुडीतून पाणबुडे ओखोत्स्क समुद्राच्या तळाशी उतरले आणि त्यांनी सोव्हिएत नौदलाच्या केबलभोवती ध्वनिमुद्रण यंत्र बसवलं. आपल्या घरच्या समुद्रात कोण येणार या भरवशावर सोव्हिएत संघाने बरेचसे संदेश सांकेतिक लिपीत टाकलेच नव्हते. १९८० मध्ये रोनाल्ड पेल्टन या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या माजी कर्मचाऱ्याने ही माहिती पैशांसाठी सोव्हिएत संघाला विकली, तेव्हा ते थांबलं.

काचतंतूंच्या केबलला खोल पाण्यात असा जोड देणं फार अवघड. म्हणून ऐकणारे किनाऱ्यावर ऐकतात. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून ब्रिटनचा ‘टेम्पोरा’ कार्यक्रम समोर आला. ब्रिटनमध्ये येणाऱ्या केबलमधला डेटा तिथेच साठवून चाळला जात होता. पोर्थकर्नोपासून (प्रश्न ४) ब्रिटनच्या किनाऱ्यावर केबलची जी गर्दी झाली, तिचा हा पुढचा फायदा. त्या गौप्यस्फोटांनंतर ब्राझीलच्या अध्यक्षा दिल्मा रूसेफ यांनी अमेरिकेची राजकीय भेट रद्द केली आणि अमेरिकेला वगळून थेट युरोपला जाणाऱ्या केबलच्या बेताला बळ मिळालं. ब्राझीलचं फोर्तालेझा ते पोर्तुगालचं सिनेस अशी ‘एलालिंक’ केबल २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे वाट सुटसुटीत झाली हे खरं. पण टोकाला बसलेला ऐकू शकतोच, त्यामुळे मजकूर कूटबद्ध करण्याला पर्याय नाही.

८. मुंबईचं या जाळ्यात स्थान काय?

फार मोठं, आणि त्यातच धोका आहे. दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ लँडिंग स्टेशनांवर येतात. ही स्टेशनं मुंबई, चेन्नई, कोची, तुतुकुडी आणि तिरुवनंतपुरम एवढ्याच ठिकाणी आहेत. पश्चिमेकडच्या वाटा मुख्यतः मुंबईत आणि मुंबईतल्या बहुसंख्य केबल वर्सोव्याच्या काही किलोमीटरच्या किनारपट्टीत. इतकी सोय एका जागी असली की तिथली एक आपत्तीही सगळ्या देशाला पुरते. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, किंवा गोव्यात, काही केबल का येऊ नयेत हा प्रश्न नियोजनकर्त्यांना सतत विचारायला हवा.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मुंबईत मुख्यालय असलेली विदेश संचार निगम ही पूर्वीची सरकारी कंपनी २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. तिने २००५ मध्ये टायको कंपनीचं जगभर पसरलेलं केबलजाळं १३ कोटी डॉलरला घेतलं, उभारणीच्या खर्चाच्या मानाने कवडीमोलाने. ही खरेदी व्हायच्या आधी अमेरिकी सरकारने सुरक्षेच्या अटींचा करार करून घेतला. भारतासारख्या मित्रदेशाच्या खासगी कंपनीलाही त्यांनी तसंच सोडलं नाही.

९. लाल समुद्रात केबल तुटली तर पुण्यातला व्हिडिओ कॉल का अडकतो?

भारतातून युरोपला जाणाऱ्या बहुतेक केबल अरबी समुद्र, बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, लाल समुद्र या वाटेने जातात, इजिप्तच्या जमिनीवरून पार होतात आणि भूमध्य समुद्रात उतरतात. दुसरी सोपी वाट नाही. इराण, इराक, सीरियामार्गे जमिनीवरून जायचं तर युद्ध आणि निर्बंध आड येतात. आफ्रिकेला वळसा घालायचा तर अंतर वाढतं. या अडचणीतून इजिप्तला मिळालेलं महत्त्व सुएझ कालव्याच्या तोडीचं आहे आणि केबलमालकांकडून तो त्याचे पैसेही घेतो.

३० जानेवारी २००८ ला इजिप्तजवळ भूमध्य समुद्रात दोन केबल तुटल्या आणि भारताची परदेशी जोडणी निम्म्यावर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने जखमी झालेलं ‘रुबीमार’ जहाज नांगर ओढत लाल समुद्रात वाहत गेलं आणि तीन केबल तुटल्या. दुरुस्तीला महिने लागले, कारण येमेनमध्ये सत्ता एकाची नव्हती. एडनमधून चालणाऱ्या सरकारची परवानगी घेतली तर राजधानी सना ताब्यात असलेले हूथी बिथरणार आणि हूथींशी बोललं तर एडनचं सरकार. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या जेद्दाजवळ आणखी केबल तुटल्या, भारत-पाकिस्तानात इंटरनेट मंदावलं आणि मायक्रोसॉफ्टला आपल्या क्लाउड ग्राहकांना उशिराची सूचना द्यावी लागली.

कॉल पूर्ण बंद न पडता अडकतो, कारण डेटा सिंगापूरकडून, पॅसिफिककडून उलटा वळवला जातो. लांबची वाट, त्यावर नेहमीचीच गर्दी.

१०. म्हणजे कुणीतरी मुद्दाम केबल तोडत असतं?

बहुतेक वेळा नाही. जगभरात दर वर्षी साधारण १५० ते २०० ठिकाणी केबल नादुरुस्त होतात आणि त्यातले तीन चतुर्थांशच्या आसपास प्रकार मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांमुळे होतात. बाकी भूकंप, तळावरच्या दरडी, झीज. बातमी वाचल्यावर पहिला संशय नांगरावर घ्यावा. अडचण पुढे आहे: मुद्दाम तोडायची असली तरी नांगरच वापरतात.

११. बाल्टिक समुद्रात नेमकं काय चाललं आहे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड-एस्टोनिया वायुवाहिनी आणि जवळच्या केबल फुटल्या. हाँगकाँगचा ध्वज असलेल्या ‘न्यून्यू पोलर बेअर’ जहाजाचा नांगर तळाशी सापडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हेलसिंकी-रोस्टॉक आणि लिथुआनिया-स्वीडन अशा दोन केबल तुटल्या. संशय असलेलं चिनी जहाज ‘यी पेंग ३’ डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या समुद्रात महिनाभर उभं राहिलं. तो भाग आंतरराष्ट्रीय जलमार्गाचा असल्यामुळे त्याला अडवून झडती घेणं शेजाऱ्यांना जमेना. चीनने स्वतःच्या तपासात त्यांचे निरीक्षक घेतले आणि मग जहाज निघून गेलं.

२५ डिसेंबर २०२४ ला मात्र फिनलंड थांबला नाही. रशियातून तेल घेऊन निघालेल्या, कुक बेटांचा ध्वज लावलेल्या ‘ईगल एस’ने नांगर ओढत एक वीजवाहिनी आणि चार दूरसंचार केबल तोडल्याचा संशय होता. फिनलंडने जहाज आपल्या हद्दीत आणवलं आणि हेलिकॉप्टरने माणसं उतरवली. कॅप्टन आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. जानेवारी २०२५ मध्ये नाटोने बाल्टिकमध्ये खास गस्त सुरू केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने खटला निकाली काढला: हा आमच्या अधिकारकक्षेतला विषय नाही. तसं का, ते पुढच्या उत्तरात.

१२. गुन्हा दिसतो, जहाज हाती आहे, तरी शिक्षा का होत नाही?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या देशाचा कायदा पूर्ण लागू होतो. त्यापुढे, २०० मैलांच्या विशेष आर्थिक क्षेत्रातही, किनाऱ्यावरच्या देशाचा हक्क मासे, तेल, वायू यांच्यापुरता असतो. परक्या जहाजावर फौजदारी कारवाईचा नसतो. १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम ११३ सांगतं की केबल तोडणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा जहाजाच्या ध्वजदेशाने, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलेलं आहे त्याने, किंवा आरोपीच्या मायदेशाने करावा. ‘ईगल एस’च्या बाबतीत नुकसान १२ मैलांपलीकडे झालं होतं. म्हणजे शिक्षा द्यायची ती कुक बेटांनी, नाहीतर त्या अधिकाऱ्यांच्या देशांनी. सोयीसाठी ध्वज भाड्याने देणारा देश असल्या खटल्यात किती रस घेईल?

गंमत म्हणजे जुना कायदा जास्त धीट होता. केबलच्या संरक्षणासाठी झालेल्या १८८४ च्या पॅरिस करारात संशयित जहाजाकडे जाऊन कागदपत्रं तपासायची मुभा युद्धनौकांना आहे. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ अटलांटिकच्या केबल तुटल्या, तेव्हा शीतयुद्ध ऐन भरात असूनही अमेरिकी नौदलाने याच कराराचा आधार घेऊन सोव्हिएत मासेमारी जहाज ‘नोव्होरोसिस्क’वर माणसं चढवली होती. १९८२ च्या कराराने ही तरतूद पुढे आणली नाही. ती आणायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

१३. चीन आणि अमेरिकेचं भांडण केबलमध्ये कसं दिसतं?

वाटा दुभंगण्यात दिसतं. सिंगापूर ते फ्रान्स जाणाऱ्या ‘सी-मी-वी ६’ केबलचं काम चीनच्या एचएमएन टेक या कंपनीला, म्हणजे पूर्वीच्या ह्वावे मरीनला, मिळण्याच्या बेतात होतं. अमेरिकेने सहभागी देशांवर आणि कंपन्यांवर दबाव आणला आणि २०२२ मध्ये काम अमेरिकेच्या सबकॉम कंपनीला गेलं. चीनच्या दोन मोठ्या दूरसंचार कंपन्या बाहेर पडल्या. दुसरीकडे त्याच चिनी कंपनीने टाकलेली ‘पीस’ केबल पाकिस्तान आणि पूर्व आफ्रिकेला फ्रान्सशी जोडते. भारताच्या बाजूने ‘सी-मी-वी ६’मध्ये एअरटेल आहे.

लॉस एंजलिस ते हाँगकाँग अशी आखलेली गुगल-फेसबुकची केबल अमेरिकी सुरक्षा यंत्रणांच्या आक्षेपामुळे २०२० नंतर फक्त तैवान आणि फिलिपीन्सपुरती राहिली. सॉलोमन बेटांनी ह्वावेशी बोलणी केली होती, तेव्हा ऑस्ट्रेलियाने बहुतेक खर्च स्वतः उचलला आणि २०१९ मध्ये सिडनीहून केबल नेली.

१४. बहुतेक नव्या केबल गुगल, मेटाच्याच असतील तर देशांच्या हातात उरलं काय?

परवानगी आणि संरक्षण एवढं तरी उरलं आहे, आणि कंपन्यांनाही ते लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी आणि अध्यक्ष ट्रम्प यांच्या संयुक्त निवेदनात मेटाच्या ५०,००० किलोमीटरहून लांब, भारताला जोडणाऱ्या केबलचा नाव घेऊन उल्लेख झाला. एका खासगी कंपनीची तार दोन देशांच्या निवेदनात येते, यावरून कोण कुणाला धरून आहे ते कळावं. डेन्मार्कने २०१७ मध्येच सिलिकॉन व्हॅलीसाठी स्वतंत्र राजदूत नेमला होता.

१५. छोट्या देशाची एकच केबल तुटली तर?

तर तो देश जगातून नाहीसा होतो. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी स्फोटात टोंगाची फिजीला जोडणारी एकमेव केबल तुटली. माणसं जिवंत आहेत का, हे परदेशातल्या नातेवाइकांना कित्येक दिवस कळेना. दुरुस्ती जहाज पापुआ न्यू गिनीहून आलं. जोडणी पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. तैवानच्या मात्सू बेटांना जोडणाऱ्या दोन्ही केबल फेब्रुवारी २०२३ मध्ये आठवड्याभरात तुटल्या, दोन्ही वेळा चिनी जहाजांवर संशय होता. बेटावरच्या लोकांनी जवळपास ५० दिवस मायक्रोवेव्हच्या तुटपुंज्या जोडणीवर काढले. हेतू सिद्ध झाला नाही, पण नाकेबंदी कशी असेल ते तैवानला कळलं.

१६. भारताकडे केबल दुरुस्त करणारं स्वतःचं जहाज नाही, हे खरं आहे का?

ट्रायने २०२३ च्या शिफारशींत हेच म्हटलं आहे: भारतीय ध्वजाचं असं जहाज नाही, परदेशी जहाजाची वाट पाहावी लागते आणि ते आल्यावर परवानग्यांच्या फेऱ्यात वेळ जातो. केबलना अत्यावश्यक माहिती-यंत्रणेचा दर्जा द्यावा, असंही त्यांनी सुचवलं. जगातल्या इतक्या मोठ्या डेटा-ग्राहकाची ही स्थिती शोभणारी नाही. संकटात एकाच वेळी पाच देशांच्या केबल तुटल्या तर जहाज आधी कुणाकडे जाईल? ज्याचं आहे त्याच्याकडे. २०२५ च्या त्याच संयुक्त निवेदनात (प्रश्न १४) हिंद महासागरातल्या केबलच्या देखभाल-दुरुस्तीत गुंतवणूक करण्याचा मनोदय भारताने व्यक्त केला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नई-अंदमान केबल सुरू झाली, पुढे लक्षद्वीपही जोडलं गेलं. म्हणजे टाकायची इच्छा आणि पैसा दोन्ही आहे. जहाजालाही ते मिळायला हवेत.

१७. युद्धात शत्रूची केबल तोडणं बेकायदेशीर आहे का?

सरसकट नाही. १८८४ च्या करारातच लिहिलं आहे की युद्ध करणाऱ्या देशांच्या मोकळिकीला त्याने बाध येत नाही. ‘अलर्ट’ने (प्रश्न ५) केलेलं काम त्यात बसत होतं. १९०७ च्या हेग नियमांचं कलम ५४ एवढंच म्हणतं की व्यापलेल्या प्रदेशाला तटस्थ देशाशी जोडणाऱ्या केबल अगदी अपरिहार्य असल्याशिवाय ताब्यात घेऊ नयेत, नष्ट करू नयेत, आणि शांतता झाल्यावर त्या परत कराव्यात, भरपाई द्यावी. हे नियम एका केबलचे दोन टोकांचे दोन मालक असत तेव्हाचे आहेत. आज एकाच केबलवर डझनभर देश येतात आणि शत्रूचा डेटा तटस्थ देशाच्या डेटाबरोबर त्याच तंतूतून जातो. तिथे ‘शत्रूची केबल’ कुठली हे ठरवणारा नियम अजून झालेला नाही.

१८. आमची बोट मासेमारीची आहे. जाळं किंवा नांगर केबलमध्ये अडकला तर आमच्यावर खटला होईल का? आणि जाळं कापावं लागलं तर नुकसान कोण भरणार?

हा प्रश्न किनाऱ्यावरून येतो आणि त्याचं उत्तर फार थोड्यांना माहीत असतं. जीव किंवा बोट वाचवताना, नीट काळजी घेऊनही केबल तुटली, तर १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या (प्रश्न १२) कलम ११३ नुसार तो गुन्हा धरायचा नाही. आणि केबल वाचावी म्हणून तुम्ही स्वतःचं जाळं, नांगर किंवा मासेमारीचं साहित्य सोडून दिलं असेल, तर कलम ११५ नुसार केबलच्या मालकाने तुम्हाला भरपाई मिळावी अशी तरतूद प्रत्येक देशाने करायची आहे. अट एकच: आधी शक्य ती सगळी खबरदारी घेतलेली असली पाहिजे. म्हणजे नकाशावर केबल दाखवलेली असताना मुद्दाम तिथेच नांगर टाकला असेल तर हक्क जातो. भारताने हा करार १९९५ मध्ये स्वीकारला आहे.

१८८४ च्या करारात यासाठी पुराव्याची रीतही सांगितली आहे आणि ती आजही पाळण्यासारखी आहे. घटना घडल्याबरोबर खलाशांच्या साक्षीने काय झालं ते लिहून काढावं आणि बंदराला लागल्यापासून २४ तासांच्या आत अधिकाऱ्यांकडे निवेदन द्यावं. आज त्यात आणखी दोन गोष्टी घाला: जीपीएसवरची जागा आणि वेळ यांचा फोटो, आणि कापलेल्या दोराच्या उरलेल्या टोकाचा फोटो. अडकलेला नांगर इंजिनच्या जोराने ओढू नका. केबलमध्ये हजारो व्होल्टची वीज असते (प्रश्न १), आणि जड केबलला अडकलेली छोटी बोट ओढाताणीत कलंडू शकते. दोर कापा, जागा टिपून ठेवा, तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा.